नऊ बावन्न

बस माझी. बावीस वर्षं मीच चालवतो.
पोरं बदलतात, प्रशिक्षक बदलतात,
सीटखाली झाडताना निघणारी
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं तेवढी तीच.

आज जॉर्जियात हरलो.
नववा डाव, दोन गडी बाद, एका धावेने पुढे,
एक स्ट्राइक हवा होता. एकच.
टेव्हरिन ऑग्ल्सबीच्या डाव्या हातातून
चेंडू सुटला तो जरा वर राहिला,
वीतभर. वीतही नसेल.
पहिल्या बेसवर त्यांचा एक जण टपून होताच,
आणि हटो नावाच्या त्या धिप्पाड पोराने
तो डावीकडच्या भिंतीवरून पाइनच्या झाडांत धाडला.
फलकावरचं घड्याळ मी पाहिलं, उगाच: नऊ बावन्न.

पूल नव्हता तेव्हा नदीवर तराफा होता.
त्याचं एक वल्हं उरलंय, त्यासाठी हे सगळं.
दोन्ही काठांची माणसं त्या तराफ्यावरून
एकमेकांच्या लग्नांना जायची, मयतीला जायची.
आता त्यावर नुसती सालं कोरलेली,
त्यांची एका बाजूला, आमची दुसऱ्या.
जिंकलो की ते बसच्या मधल्या वाटेत आडवं असतं.
आज नव्हतं.
तरी सगळी पोरं पाय उचलून टाकत चढली.

फाटकाशी माझा मेहुणा डेल्मर
उकडलेल्या शेंगांची गाडी लावतो.
त्याने गरम पुडी हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत.
त्यांचा संघ हरतो तेव्हा दुप्पट मागतो, आणि मी देतो.
त्याची बहीण तीस वर्षं माझ्या घरात नांदतेय,
पण वल्हं माहेरी गेलं
की त्या रात्री गुणगुणत भांडी घासते.

कुणी आंघोळ केली नाही. तांबडी माती तशीच गुडघ्यांवर.
निघालो.

चॅटाहूचीच्या पुलावर तास बदलतो.
अर्ध्या पुलापर्यंत दहा चव्वेचाळीस,
पुढे, अलाबामात, नऊ चव्वेचाळीस.
फोनांना आपसूक कळतं. माझ्या बसचं घड्याळ म्हातारं,
त्याचा काटा बोटाने मागे घ्यावा लागतो.
घेतला.

माझ्या मागच्या सीटवर कुणी बसत नसतं.
आज तो बसला होता.
"मिस्टर टार्पली, नऊ चव्वेचाळीस?"
"आपल्या बाजूला, हो."
बराच वेळ टायरांचाच आवाज.
मग हळूच, मला नव्हे, काचेला म्हणाला,
"म्हणजे अजून टाकलाच नाही मी."

ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे
त्याने असल्या हिशेबात पडू नये.
मी पडलो नाही. फक्त पाय जरा हलका केला.

बंद पडलेलं मासळीचं हॉटेल गेलं,
वेलींनी गिळलेला गोठा गेला,
चर्चच्या पाटीवरचं एक अक्षर गळालेलं,
ते कुठलं, आजवर लक्षात राहिलेलं नाही.
नऊ पन्नास.
आरशात त्याचा डावा हात गुडघ्यावर,
दोन बोटं जुळलेली, खाली अंगठा,
हवेत शिवण चाचपत.
नऊ एक्कावन्न.
त्याने बोटं किंचित खाली सरकवली.

आणि दिव्यांच्या उजेडात आर्मडिलो.
रस्त्याच्या ऐन मध्यावर, निवांत,
कर भरलाय, रस्ता आपलाच आहे असा.
मी ब्रेक दाबला.
पिशव्या कोसळल्या, कुणाचं तरी हेल्मेट
मधल्या वाटेने घरंगळत पुढे आलं
आणि टेव्हरिनच्या बुटाला अडलं.

"काय झालं?" मागून प्रशिक्षकांचा झोपाळू आवाज.
"काही नाही. आर्मडिलो."
"मेला?"
"नाही. गेला पलीकडे."

घड्याळ पाहिलं तर नऊ त्रेपन्न.
मी शेंगांची पुडी न बघता मागे सरकवली.
थंड झाल्या होत्या, मीठही जास्तच.
त्याने डाव्या हाताने घेतली.